चार जावा, पाण्याचा एक संप आणि गच्चीवरच्या काळ्या टाक्या

इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत, बेथलेहेमहून हेब्रोनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, डोंगराच्या उतारावर धेईशेह ही पॅलेस्टिनी निर्वासितांची छावणी आहे. जेरुसलेम आणि हेब्रोनच्या पश्चिमेकडच्या चाळीसहून अधिक गावांतून परागंदा झालेल्या कुटुंबांसाठी ती १९४९ मध्ये उभी राहिली. आधी तंबू, मग संयुक्त राष्ट्रांच्या 'उनर्वा' या निर्वासितांसाठीच्या संस्थेने बांधून दिलेल्या एकेक खोल्या, आणि आता एकमेकींना चिकटलेली तीन-चार मजली सिमेंटची घरं. छावणीची हद्द मात्र तेव्हा होती तेवढीच, एका चौरस किलोमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी. पाणीपुरवठ्याच्या कामानिमित्त मी इथे राहिले आहे, आणि इथल्या गच्च्या, जिने, मोऱ्या माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. लष्करी ताब्याखाली कुटुंब कसं चालतं हे नळाच्या बाजूने जितकं नीट दिसतं तितकं दुसरीकडून दिसत नाही, म्हणून इथे लिहिते आहे ते पाण्याबद्दलच.

पाऊसच कमी, म्हणून टंचाई असणार, असं नव्या माणसाला वाटतं. तसं नाही. इथे ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये मिळून साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि डोंगराखाली भरपूर पाणी आहे. छावणीपासून जवळच 'सुलेमानचे तलाव' आहेत. त्यांचं पाणी शतकानुशतकं पाटाने जेरुसलेमला जात होतं. अडचण मालकीची आहे. १९६७ च्या ऑगस्टमध्ये इस्रायली लष्कराचा हुकूम क्रमांक ९२ निघाला आणि वेस्ट बँकेचं सगळं पाणी लष्कराच्या अखत्यारीत गेलं. त्याच वर्षीच्या पुढच्या हुकमाने परवानगीशिवाय नवी विहीर किंवा जलवाहिनी करायची सोय राहिली नाही. १९८२ मध्ये ही व्यवस्था मेकोरोत या इस्रायली कंपनीकडे गेली. १९९५ च्या, इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्वातल्या दुसऱ्या ओस्लो करारात पॅलेस्टिनींसाठी डोंगरातल्या भूजलाचा जो वाटा ठरला, तो वर्षाला ११८ दशलक्ष घनमीटर आणि वर काही वाढीव, तोही पाच वर्षांच्या मधल्या काळापुरता. ती पाच वर्षं केव्हाच उलटली, पण तो मधला काळ अजून संपलेला नाही. लोकसंख्या वाढली, वाटा त्याच कागदावर आहे. त्यामुळे बेथलेहेम परिसरात पाणी येतं ते काही पॅलेस्टिनी विहिरींचं आणि काही मेकोरोतकडून विकत घेतलेलं, आणि उन्हाळ्यात ते पाळीने सोडावं लागतं. समोरच्या डोंगरावरच्या एफ्रात या इस्रायली वसाहतीत नळ चोवीस तास चालू असतो. तिथल्या लाल कौलांवर टाक्या नाहीत, कारण त्यांना त्या लागतच नाहीत. बत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेच्या हिशेबाने २०२० साली वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी माणसाच्या वाट्याला दिवसाला सरासरी ८२ लिटर पाणी आलं आणि इस्रायलमध्ये २४७ लिटर. छावणीतला उन्हाळा या ८२ च्याही बराच खाली असतो.

आता घर कसं असतं ते सांगते, कारण त्याशिवाय पाण्याची वाट कळणार नाही. तळमजल्यावर मूळ खोलीभोवती वाढत गेलेलं घर, तिथे आजी. तिला सगळी नातवंडं 'सित्ती' म्हणतात. धाकटा मुलगा बहुधा तिच्याजवळच असतो. वर एकेका मजल्यावर एकेक मुलगा, त्याची बायको, मुलं. हद्द वाढत नाही, त्यामुळे मुलाचं लग्न ठरलं की घर वर चढतं. गच्चीवर खांबांच्या सळया मुद्दाम उघड्या ठेवलेल्या असतात, पुढच्या मजल्यासाठी. जमिनीची मालकी रहिवाशांची नाही, फक्त वापराचा हक्क आहे. नकाशा, पायाची तपासणी असले सोपस्कार जुन्या बांधकामांत कुणी केले नव्हते. एका खोलीसाठी घातलेल्या पायावर चार संसार उभे असतात, आणि त्यांच्या डोक्यावर टाक्या.

टाक्यांचं वजन हा या घरांतला सगळ्यात दुर्लक्षित विषय. दीड हजार लिटरची टाकी भरली की दीड टन होते. चार बिऱ्हाडांच्या प्रत्येकी दोन म्हटल्या तर गच्चीवर बारा टन. म्हणून टाकी स्लॅबच्या मध्यावर कधी ठेवायची नाही. खालून भिंत किंवा खांब वर आलाय तिथे, कडेला, दोन लोखंडी तुळयांवर ठेवायची, म्हणजे वजन भिंतीत उतरतं. बऱ्याच घरांत वरच्या मजल्याच्या छताला मधोमध जी चीर दिसते ती भूकंपाची नसून टाकीची असते. नवीन मजला चढवताना टाक्या उतरवून पुन्हा चढवाव्या लागतात, आणि तेव्हा घाईत कुठेही टेकवल्या जातात. चीर पडते ती अशी.

टाकी काळ्या प्लास्टिकची बरी. आत उजेड शिरत नाही, शेवाळ धरत नाही. पांढरी टाकी स्वस्त मिळाली म्हणून आणणाऱ्यांना दोन महिन्यांत हिरवं पाणी दिसतं. जुन्या पत्र्याच्या चौकोनी टाक्या अजून काही गच्च्यांवर आहेत, तळाशी गंजलेल्या. काळ्या टाकीचा तोटा एवढाच की ऑगस्टमध्ये दुपारी नळाला गरम पाणी येतं आणि त्यातलं क्लोरीन लवकर उडून जातं. शेजारी सौरबंब असतो. त्याला थंड पाणी देणारी टाकी बंबापेक्षा उंच लागते, नाहीतर बंब पूर्ण भरत नाही आणि उन्हात काचनळ्या तडकतात.

पाणी गच्चीपर्यंत स्वतःहून चढत नाही. छावणी उतारावर आहे. रस्त्यालगतच्या खालच्या घरांना दाब मिळतो, वरच्या गल्ल्यांना नुसती धार. म्हणून ज्यांना जमलं त्यांनी तळमजल्याच्या जिन्याखाली संप, म्हणजे पाण्याचा हौद, बांधला आहे, चार-पाच हजार लिटरचा. जागा नसेल तर तिथेच दोन टाक्या मांडतात. नळाचं पाणी आधी संपात, मग अर्ध्या किंवा एक अश्वशक्तीच्या मोटरीने वर. हा संप सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एकच, गच्चीवरच्या टाक्या मात्र ज्याच्या त्याच्या. घरातली सगळी राजनीती या एका वाक्यात आली.

उन्हाळ्यात पाण्याची पाळी दोन-तीन आठवड्यांनी येते, वाईट वर्षी महिना उलटतो. वेळापत्रक मोबाइलवर फिरतं, पण त्यावर विसंबून कुणी राहत नाही. कुठे वाहिनी फुटली, कुठे पंपिंगला वीज नव्हती, कुठे वरून सोडलेलंच कमी, आणि पाळी दोन दिवस पुढे. खरी बातमी चावीवाल्याकडून येते. तो खालच्या गल्लीत दिसला की आजी जिन्यातून हाक मारते आणि घर हलायला लागतं.

पहिलं काम, संपाचा कॉक बंदच ठेवून बाहेरचा नळ मोकळा सोडणे. आठवडेच्या आठवडे कोरडी राहिलेली वाहिनी आधी हवा सोडते, मग गंजाचं तांबूस पाणी. ते पाच-दहा मिनिटं बादल्यांत धरतात. संडासाला आणि अंगण धुवायला चालतं. पाणी नितळ झालं की संपाचा कॉक उघडायचा. संप निदान अर्धा भरेपर्यंत मोटर लावायची नाही. हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि सगळ्यांकडून मोडला जातो, कारण शेजारच्याची मोटर सुरू झालेली ऐकू येते. टुल्लू पंप थेट वाहिनीला लावणारे इथेही आहेत. एका गल्लीत चार-पाच मोटरी एकदम ओढू लागल्या की वाहिनीत दाब उरत नाही, उलटी ओढ तयार होते, आणि जिथे सांधा गळका आहे तिथून बाहेरचं पाणी आत येतं. गल्ली मीटर-दीड मीटर रुंद, सांडपाण्याची वाहिनी त्याच चरात. पाळीनंतर तिसऱ्या दिवशी लहान मुलांना जुलाब सुरू झाले तर कारण बहुधा हेच.

मोटरीचं दुसरं दुखणं, हवा धरणं. फूटव्हॉल्व्हमध्ये खडा अडकला की पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि पुढच्या वेळी मोटर नुसती घरघरते. तेव्हा बंद करायची, वरचा बोल्ट काढून तांब्याने पाणी ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि मग चालू करायची. कोरडी दहा मिनिटं फिरली तर सील जळतं. सीलची किंमत फार नाही, पण पाळीच्या रात्री दुकान उघडं नसतं. शहाण्या घरांत एक सील आणि एक बॉलकॉक चहाच्या डब्याशेजारी जपून ठेवलेले असतात.

वर कोणाची टाकी आधी? नेहमीचा शिरस्ता असा: आधी आजीची, मग ज्या घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस आहे त्यांची, मग खालून वर. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात चार जावांचे चार हिशेब असतात. सगळ्यात वरच्या मजल्यावरची नवी सून सर्वांत शेवटी, आणि पाणी नेमकं तेव्हाच जातं. बरीच घरं यावर एक साधा उपाय करतात. गच्चीवरच्या टाक्या तळाशी पाइपाने एकमेकींना जोडायच्या, म्हणजे पातळी आपोआप सारखी राहते. पण मग कुणी किती वापरलं ते कळत नाही आणि भांडण पाण्यावरून वापरावर जातं. माझं मत विचाराल तर टाक्या वेगळ्याच ठेवाव्यात आणि संपाच्या भिंतीवर आतून रंगाने रेघा ओढाव्यात, पाचशे लिटरला एक. मोटर लावण्याआधी आणि नंतर रेघ बघायची. जिथे रेघा आहेत तिथे आवाज कमी चढतात.

सहा माणसांचं बिऱ्हाड, दीड हजाराच्या दोन टाक्या, वीस दिवस. सगळं वापरलं तरी माणशी दिवसाला पंचवीस लिटर. यात प्यायचं, रांधायचं, अंघोळ, धुणं, भांडी, संडास, पाच वेळच्या नमाजाआधीचे हातपाय. फ्लशच्या टाकीचा कॉक उन्हाळाभर बंद असतो, कारण एका वेळी ती सात-आठ लिटर ओतते. डबड्याने दोन-तीन लिटरमध्ये भागतं. भांड्यांना दोन घमेली, एक साबणाचं, एक विसळायचं. विसळलेलं घमेलं पुढच्या जेवणाला साबणाचं होतं. मकलूबा या भाताच्या पदार्थासाठी भिजवलेल्या तांदळाचं पाणी पुदिन्याला आणि मरमिय्याला, म्हणजे सेजच्या रोपाला, जातं. ही रोपं जैतून तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली असतात. अंघोळ टबात उभं राहून, म्हणजे पाणी खाली साठतं आणि बादलीने संडासात जातं. धुण्याचा दिवस पाळीचाच. मशीनचा सांडपाण्याचा पाइप मोरीत न सोडता पिंपात सोडतात. आधी पांढरे, मग रंगीत, त्याच पाण्यात पायपुसणी, आणि उरलेलं जिन्याला. लागोपाठ दोन दिवस चारही मजल्यांच्या दोऱ्या कपड्यांनी भरलेल्या दिसल्या तर समजावं की या गल्लीत पाणी येऊन गेलं.

टाकीचा शेवटचा चतकोर मात्र कुणी काढत नाही. तळाशी गाळ असतो हे एक कारण. दुसरं कारण २००२ सालचं. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये येशूच्या जन्मस्थानाच्या चर्चला इस्रायली लष्कराचा एकोणचाळीस दिवस वेढा होता आणि बेथलेहेमवर संचारबंदी होती, मधूनच काही तासांची ढील. टँकर येऊ शकत नव्हते, फुटलेली वाहिनी जोडायला कुणी बाहेर पडू शकत नव्हतं. ज्यांनी तेव्हा घर चालवलं त्या बायका आता आज्या आहेत, आणि चतकोराचा नियम त्यांचा आहे. सुना कुरकुरतात, पण मोडत नाहीत.

लष्कराच्या धाडी बहुतेक मध्यरात्रीनंतर पडतात, दोन ते चारच्या सुमाराला. पाणीही अनेकदा रात्रीच येतं, कारण तेव्हा खालची गिऱ्हाइकं झोपलेली असतात आणि दाब वरपर्यंत पोचतो. दोन्ही एकाच रात्री आलं तर काय करायचं हे घराघरांत ठरलेलं आहे. गच्चीवर जायचं नाही. अंधारात गच्चीवर हलणारा माणूस सैनिकांना पाणी भरणारा दिसत नाही. म्हणूनच गच्चीचे सगळे कॉक पाइप लांबवून जिन्यात आणलेले असावेत, आणि वर प्रत्येक टाकीला चालणारा बॉलकॉक असावा, म्हणजे भरली की आपोआप बंद. हा पाइप ओढायचा खर्च थोडा असतो, तरी लोक टाळतात. माझ्या मते मजला वाढवण्याआधी हे करावं. सगळ्यांची ओळखपत्रं दाराजवळच्या एका पाकिटात. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाचं हिरवं कार्ड स्वतःचं, त्याखालच्यांची नोंद आईवडिलांच्या कार्डाला जोडलेल्या कागदावर. मुलांना रस्त्याकडच्या खोलीतून आतल्या खोलीत हलवतात. अश्रुधुराचा वास आला की खिडक्या लावून ओले टॉवेल फटीत. त्यासाठी एक बादली वेगळी काढून ठेवलेलीच असते. एरवी पाण्याला इतक्या जपणाऱ्या घरात ती बादली भरलेली बघून नवखा चक्रावतो. धूर अंगावर आल्यावर डोळे चोळायचे नाहीत, वाहत्या पाण्याने धुवायचे. म्हणजे नेमकं जे नसतं तेच लागतं.

गोळी लागून टाकीला भोक पडणं ही इथे नवलाईची गोष्ट नाही. भोक वरच्या भागात असेल तर पातळी त्याखाली ठेवून टाकी वापरात राहते. खाली असेल तर आधी आतलं पाणी शेजारच्या टाकीत उतरवायचं, मग दुरुस्ती. उत्तम इलाज प्लास्टिक वितळवून ठिगळ लावणं. तो करणारा कारागीर मिळेपर्यंत भोकातून जाड बोल्ट आरपार, दोन्ही बाजूंनी रबरी वायसर आणि पत्र्याची चकती, नट आवळून. नुसता सिलिकॉनचा लेप टिकत नाही. टाकी उन्हात फुगते, रात्री आकसते, आणि लेप आठवड्यात सुटतो. गोळी एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर गेलेली असते, हे विसरून एकच भोक बुजवणारेही पुष्कळ.

पाण्याची पाळी चुकली तर टँकर. दहा हजार लिटरचा मोठा टँकर गल्लीत शिरत नाही. तो हेब्रोन रस्त्यावर उभा राहतो आणि नळी ओढत आणावी लागते. घर शंभर मीटर वर असेल तर टँकरचा पंप तेवढं चढवू शकत नाही आणि मध्ये आपली मोटर जोडावी लागते. छोटा ट्रॅक्टरचा टँकर आत येतो, पण लिटरमागे महाग. दर नळाच्या पाण्याच्या कित्येक पट, आणि ऑगस्टमध्ये त्याहून चढा. ऑक्टोबर २०२३ नंतर यात दोन भर पडल्या. रस्त्यांवर लोखंडी फाटकं आणि मातीचे ढिगारे वाढले, त्यामुळे टँकर कधी पोचेल हे चालकही सांगू शकत नाही. आणि इस्रायलमध्ये कामाला जाण्याचे परवाने बहुतेक सगळे थांबले. पूर्वी ज्या भावाकडे परवाना होता तो टँकरचे पैसे द्यायचा आणि बाकीचे नंतर फेडायचे. आता तोच घरी बसला आहे. जावांमधली वर्गणी दिवसांवर नेऊन ठेवली आहे: या टँकरला मी, पुढच्याला तू, आणि सित्तीची टाकी सगळ्यांच्या खात्यावर.

पाणीपट्टीचं काय, हा प्रश्न बाहेरचा माणूस विचारतोच. छावण्यांमध्ये वर्षानुवर्षं बरीच बिलं भरली जात नाहीत. एक बाजू म्हणते, आम्ही इथे आमच्या मर्जीने राहत नाही, बिल कसलं. दुसरी म्हणते, न भरल्याने पाणीपुरवठा संस्थेची थकबाकी वाढते आणि शेवटी वाहिन्यांची दुरुस्ती थांबते. दोन्ही बरोबर आहेत. पण महिन्यातून एकदा येणाऱ्या पाण्याचं बिल मागायला कोणत्या तोंडाने जायचं, हे वसुलीवाल्यालाही कळतं.

टाकी धुण्याची वेळ पाळीच्या आदल्या दिवशी, पाणी तळाला गेल्यावर. पुस्तकात सांगितलेली पद्धत अशी: टाकी पूर्ण भरायची, हजार लिटरला एक लिटर पाच टक्क्यांचं ब्लीच घालून दिवसभर ठेवायची आणि ओतून द्यायची. छावणीत हजार लिटर ओतून द्या असं सांगणाऱ्याला पुन्हा चहा मिळत नाही. त्याऐवजी अर्धी बादली पाणी, त्यात पेलाभर ब्लीच, आणि लांब दांड्याच्या ब्रशने आतल्या भिंती घासायच्या. अर्धा तास थांबून गाळासकट कपड्याने टिपून घ्यायचं. मूल बारीक आहे म्हणून त्याला ब्लीचच्या टाकीत उतरवू नये. आत वाफ साठते आणि झाकण अरुंद असतं. भरल्यानंतर हजार लिटरला चाळीस मिलिलिटर तेच ब्लीच, म्हणजे चहाचे आठ चमचे, आणि निदान अर्धा तास नळ बंद. सुवासिक ब्लीच चालत नाही, हे बाटली आणायला पाठवताना मुलाला दोनदा सांगावं लागतं.

ऑक्टोबर संपता संपता पाऊस येतो. ज्यांचा संप आहे ते गच्चीचं पन्हाळं त्याला जोडतात, पण पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून. गच्चीवर उन्हाळ्याची धूळ असते, खुराड्यातल्या कबुतरांची घाण असते, कधी अश्रुधुराच्या नळकांड्या पडलेल्या असतात. नळकांड्या आधी वेचायच्या, गच्ची झाडायची, पन्हाळ्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधायची. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने हजार लिटर. हाती सातशे-आठशे लागतात. ते पाणी धुण्याला आणि संडासाला. प्यायला नाही. अडचण ही की संप तोच, आणि पुढच्या पाळीचं नळाचं पाणी त्यातच मिसळणार असतं. ज्या घरांनी पावसाच्या पाण्याला पाचशे लिटरचं वेगळं पिंप जिन्यात ठेवलं आहे त्यांचं बरं चाललंय. जिना मात्र अरुंद होतो, आणि पुढच्या लग्नात कपाट वर न्यायचं तेव्हा ते पिंप आधी रिकामं करावं लागतं.